बत्तीस किलोमीटर आणि साडेचार लिटर

पळण्याच्या लांब सरावात जिवावर बेतलेल्या एका बाईंची ही गोष्ट. त्यांना मी चार वर्षं ओळखतो. सावदा-फैजपूर पट्ट्यातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवतात. घटनेच्या वेळी वय ४७, उंची पाच फुटाला इंचभर कमी, वजन पन्नासच्या जरा आत. नाव कुठंही यायला नको, या अटीवर त्यांनी मला हे लिहू दिलं. ‘आणि चुका माझ्या एकटीच्या नाहीत, तुमच्याही लिहा,’ ही दुसरी अट. पहिली पाळणं सोपं होतं.

माझी ओळख एवढीच की माझं औषधांचं दुकान आहे, बारा वर्षं पळतो, आणि आमच्या आठ-दहा जणांच्या कंपूत सरावाचं वेळापत्रक लिहायचं काम माझ्याकडे आहे. प्रशिक्षक वगैरे मी नाही. पण बाईंच्या वहीत जे लिहिलेलं होतं ते माझ्या हातचं होतं.

बाई पळायला लागल्या त्याची गोष्ट

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि पहाटेचा डबा बंद झाला. साडेचारला उठायची सवय मात्र गेली नाही. मग चालणं सुरू झालं, चालता चालता एक दिवस विजेच्या दोन खांबांमधलं अंतर पळून बघितलं, दुसऱ्या आठवड्यात चार खांब. शुगर निघाली म्हणून नाही, वजन उतरवायचं म्हणून नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे पन्नाशीकडे झुकलेली बाई पळताना दिसली की लोक आधी आजार विचारतात.

आमच्या भागात बाई रस्त्यावर पळते याला दुसरंही एक कारण असू शकतं. पहिल्याच महिन्यात शेताकडे निघालेल्या एका आजींनी त्यांना अडवलं. ‘कोनाच्या मांगे पयते वं माय?’

‘कोणाच्या नाही हो आजी, अशीच.’

‘मंग तुह्या मांगे कोन लागलंय?’

हा किस्सा बाई स्वतः सांगतात आणि हसतात. पण सुरुवातीचे सहा महिने त्या साडीवरच निघायच्या, वाटेतल्या मळ्यात कपडे बदलायच्या आणि उजाडायच्या आत परत यायच्या, हे हसत सांगत नाहीत. कुत्र्यांसाठी हातात काठी असे. केळीच्या ट्रकांसाठी काठीचा उपयोग नसतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर कडेची पट्टी जिथं आहे तिथं खडी, जिथं नाही तिथं खड्डा. समोरून येणारा ट्रक दिसला पाहिजे म्हणून उजव्या अंगानं पळायचं, आणि प्रखर दिवा आला की नजर खाली टाकून डाव्या पायाखालची जमीन चाचपायची. हे सगळं त्यांना कोणी शिकवलं नाही.

मग त्यांचे यजमान मोटारसायकलवर मागून यायला लागले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. केळीचा मळा, बोलणं कमी, काळजी फार. बाई पुढं, आप्पा मागं दुसऱ्या गिअरमध्ये, हँडलला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. गावाला हे दृश्य एकदम पटलं. नवरा मागं आहे म्हटल्यावर पळणं अब्रूदार झालं. याचा मला राग येतो, बाईंना येत नाही. ‘मला पळायला मिळालं ना,’ म्हणतात.

आता त्यांना त्यात काय मिळतं तेही लिहायला हवं, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल की कशाला हा उपद्व्याप.

डिसेंबरच्या पहाटे यावलच्या दिशेनं निघालं की उजव्या हाताला सातपुडा असतो. आधी तो दिसत नाही, नुसता एक काळा काठ जाणवतो. पाठीमागून उजाडायला लागलं की डोंगराच्या सोंडा एकेक करून सुट्या होतात. दोन्ही बाजूंना केळी, पानांवरून दव टपकतंय, खोडांच्या ओळींमध्ये धुकं कंबरेइतकं. कुठंतरी मोटर सुरू होते. पाचव्या-सहाव्या किलोमीटरनंतर श्वास आणि पाय यांचं भांडण मिटतं आणि मग तासभर कोणी काही विचारत नाही. घरी, शाळेत, बाजारात बाईंना दिवसभर कोणी ना कोणी हाक मारत असतं. रस्त्यावर हाक नाही. तीस वर्षांच्या संसारात हा तास पहिल्यांदा आपला वाटला, असं त्या एकदा म्हणाल्या. तेवढं बोलून विषय बदलला.

वेगासाठी त्यांच्याकडे घड्याळापेक्षा चांगलं साधन होतं: पाढे. पळता पळता मोठ्यानं पाढे म्हणायचे. सतराचा पाढा न अडखळता म्हणता आला म्हणजे वेग बरोबर, धाप लागून मध्येच तुटला म्हणजे हळू व्हायचं. ‘बोलता येईल इतक्या वेगानं पळा’ हा नियम जगभर सांगतात. बाईंनी त्याची शाळा केली होती. आणि हातात दोन-दोन हिरव्या काचेच्या बांगड्या, त्या त्यांनी कधीच काढल्या नाहीत. अंधारात आम्हाला आधी बांगड्या ऐकू यायच्या, मग सतराचा पाढा, मग बाई.

तीन वर्षांत दहा किलोमीटर झाले, मग दोन अर्ध मॅरेथॉन झाल्या. त्यानंतर जानेवारीतल्या मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला नाव नोंदवलं. म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्याआधीचा सर्वांत लांब सराव ३२ किलोमीटरचा, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी.

तो रविवार

पहाटे पाचला निघालो. गारठा होता, आप्पांनी कानटोपी घातलेली. १६ किलोमीटर पश्चिमेला जायचं, तिथून फिरून परत. मळ्यावर भरिताचा बेत होता. जळगावी वांगी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवलेली, काड्या रचलेल्या.

वहीत माझ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘दर २ किमीला पाणी, तहान लागायची वाट पाहू नये.’ हे मी मे महिन्यात लिहिलं होतं. मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पहाटे पाचलाही भिंती गरम असतात. डिसेंबर आला तेव्हा मी किलोमीटर बदलले, वेग बदलला, ती ओळ तशीच राहिली.

बाईंनी निघण्यापूर्वी पाऊण लिटर पाणी प्यायलं. मग दर दोन किलोमीटरला आप्पा पुढं जाऊन थांबायचे आणि पाव लिटरची बाटली हातात द्यायचे. बाई दोन-तीनदा नको म्हणाल्या. आप्पा ऐकेनात. ‘पी, ऊन लागेल.’ ऊन अजून उगवायचं होतं. सोबत दर तासाला एक केळं. जळगावची केळी, भौगोलिक मानांकन मिळालेली, घरच्या मळ्यातली, यापेक्षा चांगलं इंधन कुठं मिळणार, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

आणखी एक गोष्ट. आठवडाभर बाईंचा उजवा गुडघा दुखत होता. शनिवारी रात्री एक आणि रविवारी पहाटे एक अशा वेदनाशामक गोळ्या त्यांनी घेतल्या. आयब्युप्रोफेन. पट्टी माझ्याच दुकानातली, मीच दिलेली.

वीस किलोमीटरपर्यंत सगळं उत्तम. परतताना सूर्य तोंडावर आला, पण ते ऊन कोवळं होतं, अंगाला बरंच वाटत होतं. चोविसाव्याला बाई म्हणाल्या, पोट डबडबलंय. मी म्हटलं, केळ्यानं होतं तसं. सत्ताविसाव्याला मी त्यांच्या शेजारून पळत होतो. पाढा चालू होता. ‘सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याण्णव.’ मी हसलो. म्हटलं, बाई, चौथीची पोरं ऐकतील. त्या हसल्या नाहीत. पुन्हा म्हणाल्या, ‘सतरा पंचे पंच्याण्णव,’ आणि पुढं गेल्याच नाहीत, तिथंच घोळत राहिल्या.

बावीस वर्षं पाढे शिकवणारी बाई सतराच्या पाढ्यात चुकते हे लक्षण होतं. मला तो विनोद वाटला.

एकोणतिसाव्याला त्या थांबल्या. डोकं ठणकतंय म्हणाल्या, मग उलटी झाली, नुसतं पाणी. आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी एकच निदान केलं: ऊन लागलं. त्यांना बांधाच्या सावलीत बसवलं, डोक्यावर पाणी मारलं, आणि कोणीतरी लिंबू पिळून ग्लासभर पाणी पाजलं. त्यात साखर होती. मीठ घालायचं राहिलं. त्यानंतर त्यांनी आप्पांना मुलीच्या नावानं हाक मारली.

आप्पांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, ‘बांगड्या बघा.’ पहाटे मनगटावर खुळखुळणाऱ्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. बोटं लाडवासारखी. सुकलेल्या माणसाचा हात असा फुगत नाही, एवढं कळायला औषधाचं दुकान लागत नाही. तरीही ते मला दिसलं नव्हतं, आप्पांना दिसलं.

वाटेतला दवाखाना रविवार म्हणून बंद होता. त्या वेळी आम्ही चरफडलो. आज वाटतं, बरं झालं. आम्ही दारातूनच ‘ऊन लागलंय, सलाईन लावा’ म्हणून गलका केला असता. कोणाची तरी गाडी मिळाली, तापीचा पूल ओलांडून भुसावळला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘किती पळाल्या’ नाही, ‘किती पाणी प्यायल्या?’

आप्पा हिशेबाचे पक्के. बोटांवर मोजून म्हणाले, साडेचार लिटर.

वजन केलं: ५०.८ किलो. पहाटे घरच्या काट्यावर ४९.२ होतं. काटे वेगळे, तेव्हा शे-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे धरा. पण पावणेपाच तास पळून माणसाचं वजन उतरायला हवं, इथं दीड किलो वाढलं होतं. रक्तातलं सोडियम लिटरला १२६ मिलिमोल. ते १३५ ते १४५ हवं.

काय घडलं होतं

याला व्यायामजन्य हायपोनॅट्रेमिया म्हणतात. साध्या भाषेत, रक्तातलं मीठ पाण्यानं पातळ होणं. ऊन लागण्याची आणि याची सुरुवातीची लक्षणं जुळी भावंडं आहेत: डोकेदुखी, मळमळ, उलटी, भ्रम. उपाय मात्र उलटे. एकात पाणी तारतं, दुसऱ्यात तेच पाणी मेंदूला सूज आणतं. झटके येतात, श्वास थांबू शकतो, मृत्यू झालेले आहेत.

नेहमीच्या दिवशी जास्तीचं पाणी मूत्रपिंड बाहेर टाकतं. दीर्घ श्रमात शरीर उलट हुकूम सोडतं, पाणी धरून ठेवा. हा हुकूम देणारं संप्रेरक मळमळीनं, वेदनेनं आणि ताणानंही वाढतं. त्यावर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाची पाणी टाकायची ताकद आणखी घटवतात. म्हणजे दार आतून लावलेलं, बाहेरून माझ्या गोळीची कडी, आणि आप्पा नळ सोडून उभे.

बाईंचा घाम किती गेला असेल? गारठ्यात, त्यांच्या वजनाला आणि त्या वेगाला, माझ्या अंदाजानं तासाला चारशे मिलीच्या आसपास. पावणेपाच तासांत दोन लिटरच्या आत. आम्ही साडेचार घातले. मेमध्ये हाच हिशेब कदाचित जमला असता. धोका डिसेंबरमध्ये जास्त होता, आणि आम्ही खान्देशातली माणसं डिसेंबरला धोका मानतच नाही.

केळ्याचंही सांगतो, कारण त्यावर आमचा फार विश्वास होता. शंभर ग्रॅम केळ्यात पोटॅशियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं. सोडियम जवळपास शून्य, एखादा मिलिग्रॅम. घामातून मुख्यतः जातं ते सोडियम. साखरेसाठी केळं उत्तम, मिठासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

‘मग ओआरएस दिलं असतं तर?’ हा प्रश्न मला दुकानात तेव्हापासून वीस जणांनी विचारला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस म्हणजे लिटरला २.६ ग्रॅम मीठ, सोडियम ७५ मिलिमोल. रक्ताच्या निम्म्याच्या आसपास. साध्या पाण्यापेक्षा बरं, पण साडेचार लिटर ओआरएस प्यायलं असतं तरी रक्त पातळ झालंच असतं, जरा उशिरा आणि कमी. दोष पाण्यात काय मिसळलं नाही याचा कमी, किती ओतलं याचा जास्त.

हे कोणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. दक्षिण आफ्रिकेत क्रीडावैद्यकातले संशोधक टिम नोक्स यांनी १९८५ मध्येच लांब पल्ल्याच्या चार खेळाडूंची अशी प्रकरणं मांडली होती. तरी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला तासाला ६०० ते १२०० मिली प्या असा होता. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा खाली निघालं. तो अभ्यास २००५ मध्ये छापून आला. वजन वाढलेले, चार तासांहून जास्त वेळ लागलेले आणि शरीरानं अगदी किरकोळ असलेले यांच्यात प्रमाण जास्त होतं. बाई यातल्या पहिल्या दोन रकान्यांत बसतात. वेगानं पळणाऱ्याला पाणी प्यायला सवड नसते. हळू पळणाऱ्याला सवड असते, आणि मागं मोटारसायकलवर प्रेमाचं माणूस असतं.

२००७ पासून सल्ला बदलला, २०१५ च्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीनं तर सरळ सांगितलं की तहान लागेल तेव्हा प्या. माझ्या वहीतली ओळ त्याच्या नेमकी उलट होती. ती मी कुठून घेतली तेही आठवत नाही. अशा ओळी हवेत असतात.

उपचार: तीन टक्क्यांचं तीव्र सलाईन, शंभर मिली, दहा मिनिटांत. मग तेवढंच पुन्हा एकदा. नेहमीच्या बाटलीनं अशा वेळी काम होत नाही, उलट बिघडू शकतं, कारण शरीर पाणी धरून बसलेलं असतं. तासाभरात डोकेदुखी उतरली. दुपारपर्यंत त्या तीन-चारदा लघवीला जाऊन आल्या आणि बांगड्या सैल झाल्या. मी कॉटशेजारी बसलो होतो. न राहवून विचारलं, ‘बाई, सतरा पंचे?’

‘पंच्याऐंशी. मला वेडी समजता का?’

सकाळी काय म्हणाल्या ते त्यांना अजिबात आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोडियम १३६. घरी सोडलं. वांगी तशीच पडली होती, त्यांचं भरीत गड्यांनी केलं.

त्यानंतर

मुंबई रद्द. प्रवेश शुल्क बुडालं, रेल्वेचं आरक्षण काढलेलं तेही. गुडघ्यासाठी तीन आठवडे पूर्ण विश्रांती, जी खरं तर त्या गोळ्यांच्या जागी आधीच द्यायला हवी होती. दुखतंय ते कळू नये म्हणून गोळी घ्यायची आणि बत्तीस किलोमीटर पळायचं, यात शहाणपण कुठलं? आता पळायच्या आधी खायला वेदनाशामक मागणारा आला की मी त्याच्याशी आधी पाच मिनिटं बोलतो. दोन-चार गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली.

घरात दोन महिने तणाव होता. सासरची मंडळी म्हणाली, झाली हौस, आता बंद करा. आप्पा काहीच बोलेनात, कारण पाणी त्यांनी पाजलं होतं आणि ते त्यांच्या मनात सलत होतं. मला वाटलं होतं बाई सोडतील. फेब्रुवारीत एका पहाटे त्या एकट्याच निघाल्या, चार किलोमीटर, बाटली न घेता. परत आल्यावर आप्पा ओट्यावर बसलेले. ‘तहान लागली का?’ त्यांनी विचारलं. ‘आता लागली,’ म्हणाल्या आणि दोन पेले प्यायल्या. हे मला आप्पांनीच सांगितलं.

वहीत आता ती ओळ नाही. त्याऐवजी दर रविवारी दोन आकडे असतात: निघतानाचं वजन, आल्यावरचं वजन. आप्पांनी मळ्यातला केळीचा इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी लावलाय. बाई त्यावर उभ्या राहतात आणि आप्पा घडाचं वजन पुकारावं तसं पुकारतात. पाऊण-एक किलो उतरलं तर ठीक. मेमध्ये दीड उतरलं तेव्हा पाणी वाढवलं, मीठ घातलेलं ताक सुरू केलं. तेव्हा पाणी कमीच प्या असा अर्थ कोणी काढू नये. मेच्या उन्हात कमी पिऊन पडलेलेही मी पाहिलेत. ऋतूप्रमाणे, अंगाप्रमाणे हिशेब बदलतो, आणि तो काट्यावर दिसतो. आकडा वाढला, किंवा बांगडी फिरेना, की पाणी बंद आणि कोणीतरी सोबत थांबायचं, हे आमच्या कंपूत सगळ्यांना पाठ आहे. पुरुषांनी अंगठी बघायची.

गेल्या डिसेंबरात पुन्हा तोच रस्ता, तेच बत्तीस. या वेळी आप्पा दर दोन किलोमीटरला थांबत नव्हते, दर पाचला थांबायचे, आणि बाटली पुढं करायच्या ऐवजी गाडीच्या सीटवर ठेवून द्यायचे. मी मागून येत होतो. पंधराव्याला धुक्यात त्यांचा दिवा दिसला. बाई जवळ गेल्या, वेग कमी न करता एक हात वर केला आणि हलवला. बांगड्या खळकन कोपराकडे घसरल्या. बाई पुढं निघून गेल्या, सतरा साते एकशे एकोणीस.

आप्पांनी बाटली उचलली, झाकण काढलं आणि स्वतःच पाणी प्यायले.